प्रोजेक्टर बसवल्यापासून हेडलाइटमध्ये धुकं आणि पाणी: सील नव्याने करावं की व्हेंटचं बघावं?

रात्रपाळी_पुणे

गाडी २०१४ ची स्विफ्ट, मूळ दिवा एच-४ हॅलोजन बल्बच्या रिफ्लेक्टरचा. मे महिन्यात पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये दोन्ही दिवे उघडून ३ इंची बाय-एलईडी प्रोजेक्टर (लो आणि हाय बीम दोन्ही देणारे, भिंगाचे एलईडी दिवे) बसवले, आतलं क्रोम बेझल (भोवतीची चकचकीत चौकट) काळं रंगवलं आणि वरच्या कडेला डीआरएलची (दिवसाही पेटणाऱ्या दिव्याची) पट्टी लावली. पाऊस सुरू झाल्यापासूनची स्थिती अशी:

उजवा दिवा: सकाळी काचेच्या खालच्या कोपऱ्यात, इंडिकेटरच्या बाजूला, तळहाताएवढं धुकं. दुपारपर्यंत आपोआप जातं.

डावा दिवा: वरच्या कडेतून उतरलेले ओघळ दिसतात. तळाशी पाणी साचलंय, वळणावर हलताना दिसतं.

दोन्हीकडे मागचं रबरी बूट (दिव्यामागचं झाकण) कापून वायर बाहेर काढली आहे आणि भोवती पारदर्शक सिलिकॉन थापलंय. काचेच्या सांध्यातही तेच. प्रत्येक दिव्याला व्हेंटच्या (हवा आत-बाहेर जाण्याच्या) दोन रबरी नळ्या आहेत, त्यातल्या एकेकीचं तोंड 'पाणी जाऊ नये' म्हणून त्याच सिलिकॉननं बुजवलंय. गॅरेजवाल्याचं म्हणणं, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकू आणि बाहेरून सिलिकॉनचा आणखी एक हात मारू. करू द्यावं का? की दिवे पुन्हा उघडायचे?

---

भिंगवाला

करू देऊ नका. दोन दिव्यांना दोन वेगळे आजार आहेत आणि सुचवलेलं औषध दोन्हींवर लागू नाही.

आधी हिशेब बघा. अशा दिव्यात फार तर १० लिटर हवा मावते. ३० अंशाला हवा पूर्ण दमट असली तरी एका घनमीटरमध्ये साधारण ३० ग्रॅम वाफ असते, म्हणजे तुमच्या दिव्यात ०.३ ग्रॅम. ड्रॉपरचे सहा थेंब. रात्री पारा २५ वर उतरला तर त्यातलं ०.०७ ग्रॅम काचेवर बसतं, म्हणजे जेमतेम दीड थेंब. तेवढ्यात तळहाताएवढं धुकं सहज होतं. पण तळाशी चमचाभर, म्हणजे ५ मिली पाणी साचायला आतली सगळी हवा सत्तर वेळा बदलावी लागेल आणि मधे एकदाही वाळता कामा नये. तेव्हा उजव्या दिव्यात वाफ आहे आणि डाव्यात सरळसरळ गळती. गळतीवर सिलिका जेल म्हणजे फुटक्या पिंपाखाली फडकं.

आता व्हेंट. हेडलाइट हवाबंद नसतो, तो श्वास घेतो. आतली हवा ३० वरून ६० अंशांवर गेली की दहा टक्क्यांनी फुगते: एक लिटर बाहेर, दिवा थंड झाला की एक लिटर आत. व्हेंट बुजवला तर याच फुगवट्याचा ०.१ बार दाब होतो. काच ३० बाय २० सेंटिमीटरची धरा, तिच्यावर साठेक किलोचा भार येतो. रोज संध्याकाळी साठ किलोनं ढकललेलं आणि रात्री तितक्याच जोरानं आत ओढलेलं सील एखाद्या जागी सुटतंच. तुमच्याकडे दोनपैकी एक नळी उघडी आहे म्हणून दाब इतका चढणार नाही, पण दुसरी मोठी अडचण होते: एका तोंडानं हवा आत येते आणि त्याच तोंडानं बाहेर जाते, आरपार फिरत नाही. इंडिकेटरचा कोपरा नेमका आडोशाचा, म्हणून धुकं तिथे बसतं.

शिवाय एच-४ चा हॅलोजन ५५-६० वॅट खातो आणि त्यातला बहुतेक भाग उष्णता होऊन पुढे काचेकडे फेकतो. जुन्या दिव्यातलं धुकं अर्ध्या तासात उडायचं ते त्यामुळे. एलईडीची उष्णता मागे हीट सिंकमध्ये (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागात) जाते, काच गारच राहते. प्रोजेक्टर बसवलेल्या दिव्याला म्हणूनच मूळ दिव्यापेक्षा जास्त चांगले व्हेंट लागतात, आणि नेमके तेच पहिले बुजवले जातात!

उजव्यासाठी आज एवढंच करा: बुजवलेल्या नळीतलं सिलिकॉन चिमट्यानं काढा. निघालं नाही तर नळी बदला, रबरी कोपरनळी स्वस्तात मिळते. दुसरी नळीही उपटून आरपार बघा, चिखल किंवा कोळ्याचं घर असतं. नळीचं तोंड खाली बघत असावं. मग आठवडाभर निरीक्षण.

डावा उघडावा लागेल. पण त्याआधी गळती कुठे आहे ते नक्की करा. दिवा गाडीतून काढा, पाणी ओतून टाका, एक नळी सोडून बाकी सगळी तोंडं चिकटपट्टीनं बंद करा. भांड्याचा लिक्विड साबण एक भाग, पाणी दहा भाग; ब्रशनं सांध्यावर, वायरीभोवती, बूटभोवती लावा आणि उरलेल्या नळीतून तोंडानं हळूहळू फुंका. बुडबुडे जिथे, गळती तिथे. कॉम्प्रेसर लावू नका, धड असलेलं सीलही उचकटेल. आणि गरम दिवा बादलीत बुडवून बघण्याचा प्रकार तर मुळीच नको, थंड होताना तो स्वतःच पाणी ओढून घेतो.

---

ब्यूटिल_आणि_बाकी

वरचं सगळं बरोबर. मी सांध्याचं सांगतो, कारण खरा घोटाळा तिथे आहे.

हाउसिंग, म्हणजे दिव्याचं मागचं कवच, बहुतेक गाड्यांत पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचं असतं. त्याला सिलिकॉन नीट धरत नाही. वाळल्यावर नखानं उचललं तर अखंड पट्टी निघून येते. काच म्हणतो ती पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लॅस्टिकची. तिथे सिलिकॉन धरतं, हाउसिंगच्या बाजूनं सुटतं. तुमचे ओघळ वरून येतायत ते याचमुळे, बॉनेटच्या फटीतलं पाणी वरच्या कडेवरच पडतं.

दुसरं, त्या सिलिकॉनला लावताना व्हिनेगरसारखा वास येत होता का? असेल तर ते अ‍ॅसिटिक प्रकारचं. वाळताना अ‍ॅसिटिक आम्ल सोडतं आणि बंद दिव्यात ते रिफ्लेक्टरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या मुलाम्यावर बसतं. तो मुलामा मायक्रॉनच्या दहाव्या भागाइतका जाड असतो, डाग पडला की पडला. नाइलाजानं सिलिकॉन वापरायचंच असेल तर न्यूट्रल क्युअर (वाळताना आम्ल न सोडणारं), त्यातही अल्कॉक्सी प्रकारचं, आणि तेही फक्त बाहेरच्या अंगाला.

सांध्यासाठी ब्यूटिलची (गरम केल्यावर मऊ होणाऱ्या चिकट रबराची) दोरी, साधारण ९ ते १० मिमी जाडीची. एका दिव्याला दीड-दोन मीटर लागते. खाचेत सुतळी फिरवून माप घ्या आणि वर हातभर जास्त धरा.

उघडताना: बल्ब, रबरी टोप्या, नळ्या, सांध्याचे स्क्रू आणि स्टीलच्या क्लिपा आधी काढा. एक स्क्रू जरी राहिला तरी काचेचा कान तुटतो. घरातल्या ओटीजीमध्ये हेडलाइट मावत नाही, मावला तरी कॉइल इतकी जवळ येते की हाउसिंग वाकतं. पुठ्ठ्याचं मोठं खोकं घ्या, आतून अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावा, खाली दोन लाकडी पट्ट्यांवर दिवा ठेवा, बाजूच्या भोकातून हीट गन सोडा. गनचं तोंड पुठ्ठ्याला टेकू नये आणि झोत सरळ दिव्यावर नको. आत थर्मामीटर ठेवा. ९० ते १०० अंशांवर १५-२० मिनिटं. पॉलिकार्बोनेट १४५ अंशांच्या आसपास मऊ पडतं, पण रंगवलेलं बेझल आणि डीआरएलची पट्टी त्याच्या कितीतरी आधी खराब होते, म्हणून ११० च्या वर जाऊ नका. गन चालू असताना खोक्याजवळून हलू नका.

मूळ ब्यूटिल असेल तर कोपऱ्यात प्लॅस्टिकची पट्टी घालून उचकल्यावर चिकीच्या पाकासारख्या काळ्या तारा सुटतात. तारा सुटल्या की ओढत राहा, थांबलात तर पुन्हा चिकटतं. तुमच्या दिव्यात सिलिकॉन आहे, ते उष्णतेनं मऊ होत नाही. ते पातळ ब्लेडनं हाउसिंगच्या बाजूनं, काचेला न लागता, कापावं लागेल.

मग सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग: सिलिकॉनचा कण न् कण काढणं. खाचेत तेलकट थर जरी उरला तरी त्यावर ब्यूटिल धरत नाही. लाकडी काडीनं आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं दोनदा पुसा, प्रत्येक वेळी नवं फडकं. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांतलं काहीही काचेजवळ आणू नका, पॉलिकार्बोनेटला बारीक केसांसारख्या भेगा जातात. रिफ्लेक्टरला आणि काचेच्या आतल्या बाजूला हातच लावायचा नाही. कित्येक दिव्यांत काचेच्या आतून धुकं न धरणारा लेप असतो. अल्कोहोलनं किंवा साबणानं तो निघून जातो आणि मग तेवढ्याच वाफेत धुकं दुप्पट दिसतं.

बसवताना: दोरी खाचेत ताणून घालू नका, ताणलेली दोरी नंतर आखडते आणि टोकाशी फट पडते. नुसती ठेवत जा. खाच साधारण दोन तृतीयांश भरली पाहिजे, काठोकाठ भरली तर काच खाली बसत नाही. दोन टोकं २०-२५ मिमी एकमेकांवर चढवा आणि हा जोड बाजूला किंवा खाली घ्या, वरच्या कडेला नको. दिवा पुन्हा ९० अंशांवर १० मिनिटं, काच दाबा, क्लिपा आणि स्क्रू लावा. परत १० मिनिटं गरम करून दुसऱ्यांदा दाबा. ही दुसरी फेरी बरेच जण गाळतात आणि मग 'ब्यूटिल बेकार' म्हणतात. सुतारी क्लॅम्प लावून पूर्ण गार होऊ द्या. शेवटी सगळ्या कडेनं ब्यूटिलची सारखी काळी रेघ बाहेर डोकावली पाहिजे. जिथे रेघ तुटली तिथे पुन्हा गरम करून दाबा.

---

कोकणकडा_१०

एवढा खटाटोप कशाला राव. तळाला ३ मिमीचं एक भोक पाडा, येईल ते पाणी निघून जाईल. आमच्याकडे चिपळूण-रत्नागिरीच्या पावसात टेम्पोवाले हेच करतात.

---

भिंगवाला

टेम्पोचा दिवा ट्रॅक्टरच्या दिव्यासारखा, काच काढून पुसता येतो. इथे प्रोजेक्टरचं भिंग आहे. तळाचं भोक पाणी बाहेर सोडतं हे खरं, पण पुढच्या चाकानं उडवलेलं गढूळ पाणी त्याच भोकातून आत घेतं. दोन पावसाळ्यांत भिंगावर धुळीचा पातळ थर बसतो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर प्रकाश फाकतो. पुसायचा तर परत दिवा उघडा.

जादा व्हेंट हवाच असेल तर पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) पडदा असलेला व्हेंट प्लग वापरा. वाफ जाते, पाण्याचा थेंब जात नाही. एलईडी फ्लडलाइट आणि स्ट्रीटलाइटच्या मागे बसवतात तोच, एम-१२, १.५ पिचच्या आट्यांचा आणि मागून नट असलेला. एलईडी दिव्यांचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे मिळतो. पडद्याचे चिकटवायचे स्टिकरही मिळतात, पण पॉलिप्रॉपिलीनवर त्यांचा गोंद टिकत नाही, नटवालाच घ्या.

भोक हाउसिंगला पाडू नका, मागच्या टोपीला पाडा. १२ मिमीचं स्टेप ड्रिल, मंद गती, कड कटरनं साफ. चुकलं तर टोपी बदलली की झालं. एक प्लग टोपीला वरच्या अंगाला आणि मूळ कोपरनळी खालच्या अंगाला उघडी, एवढ्यानं आरपार हवा फिरते.

---

सातपुडा_वायरमन

बूट आणि वायरीबद्दल कुणी बोललं नाही.

गळती नेहमी फटीतूनच होते असं नाही. वायरीच्या आतून येते. मल्टीस्ट्रँड वायरीतल्या तारांमधल्या बारीक पोकळीतून पाणी वातीतल्या तेलासारखं चढतं. डीआरएलचा ड्रायव्हर (तिचा वीजप्रवाह सांभाळणारी डबी) बंपरमागे लटकत असेल आणि त्याचा जोड उघडा असेल, तर दिवा थंड होताना आतली ओढ त्या वायरीतूनच हवा आणि पाणी खेचते. बाहेरून कितीही सिलिकॉन थापा, पाणी इन्सुलेशनच्या आतून येतंय. साबणाच्या चाचणीत डीआरएलच्या वायरीचं दुसरं टोक साबणपाण्यात बुडवून बघा, बुडबुडे आले तर हाच प्रकार.

उपाय: वायर दिव्यात शिरते त्या ठिकाणी १० मिमी इन्सुलेशन सोला, उघड्या तारांत शिसं पूर्ण मुरेपर्यंत सोल्डर भरा, त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी. आता तारांमधली पोकळी तिथे बंद झाली. मग ती वायर रबरी ग्रोमेटमधून (भोकात बसणाऱ्या कड्यातून) किंवा पीजी-७ मापाच्या केबल ग्लँडमधून (केबलभोवती आवळणाऱ्या जोडातून) आत न्या. पीजी-७ ला साधारण १२.५ मिमीचं भोक लागतं आणि ३ ते ६.५ मिमीची गोल केबल ती घट्ट धरते. दोन सुट्या वायरी एकत्र घातल्या तर मधली फट उरते, म्हणून गोल आवरणाची दोन किंवा तीन कोअरची केबलच घ्या. बाहेर आल्यावर केबलला खाली झोळ द्या, प्रवेशाच्या जागेपेक्षा निदान ५ सेंटिमीटर खाली, म्हणजे ओघळ टोकाशी गळून पडतो.

कापलेलं बूट फेकून द्या. कापलेल्या रबराची कड सिलिकॉननं परत गोल होत नाही. नवं बूट किंवा प्रोजेक्टरसाठी मिळणारी खोल टोपी बसवा. टोपी आणि हीट सिंकच्या पंख्यात निदान २ सेंटिमीटर जागा सोडा, नाहीतर पंखा तीच गरम हवा फिरवत बसतो.

शक्य असेल तर दोन्ही ड्रायव्हर दिव्याबाहेर, उभे आणि वायरी खाली येतील असे बांधा.

---

रात्रपाळी_पुणे

नळीतलं सिलिकॉन काढल्यापासून उजव्यातलं धुकं दोन बोटांएवढं उरलंय, पाऊणएक तासात जातं. डाव्याची साबणाची चाचणी केली: वरच्या कडेला जवळपास १५ सेंटिमीटर सलग बुडबुडे, शिवाय डीआरएलच्या वायरीच्या टोकालाही. म्हणजे दोन्ही.

दोन शंका. एक, दोन्ही काचांवर आतून पांढुरका पातळ थर दिसतो, ऊन लागलं तरी जात नाही. ही पण वाफच का? दोन, दिवा बंद करण्याआधी आतलं सगळं कोरडं झालं हे ओळखायचं कसं?

---

ब्यूटिल_आणि_बाकी

पांढुरका थर म्हणजे वाफ नाही. गरम केल्यावर जातं ते पाणी, जात नाही ते रसायन. बेझलचा रंग पूर्ण वाळण्याआधी दिवा बंद केला की त्यातलं सॉल्व्हंट काचेवर जाऊन बसतं. डीआरएल फेव्हिक्विकसारख्या झटपट गोंदानं चिकटवली असेल तर त्याचाही असाच पांढरा फुलोरा येतो. सिलिकॉनही वाळताना थोडंफार सोडतंच. दिवा उघडणारच आहात तर बेझल बाहेर काढून ६० अंशांवर दोन तास भाजा आणि मग दोन दिवस उघडं ठेवा. नाकाशी धरल्यावर रंगाचा वास आला तर अजून नाही. काच मात्र या एकाच कारणासाठी आतून धुवा: डिस्टिल्ड वॉटर, दोन थेंब बेबी शाम्पू, मऊ मायक्रोफायबर, न घासता. आतला लेप असेल तर तो जाईल, पण थरही जाईल.

कोरडेपणाचं म्हणाल तर नुसतं पाणी पुसून भागत नाही. पॉलिकार्बोनेट स्वतः ओलावा धरतं, साध्या दमट हवेत वजनाच्या ०.१५ टक्के. अर्धा किलोच्या काचेत पाऊण ग्रॅम पाणी झालं, भिंगवाल्यांनी काढलेल्या हवेतल्या वाफेच्या दुपटीहून जास्त. दिवा आज बंद केला की तेच पाणी उद्या काचेवर दिसतं आणि आपण सीलला शिव्या देतो. काच आणि हाउसिंग त्या खोक्यात ६० अंशांवर तीन-चार तास ठेवा, वाफ निघायला खोक्याची एक बाजू दोन बोटं उघडी. मग एसी चालू असलेल्या खोलीत गार करा आणि तिथेच बंद करा. २४ अंश, निम्मी आर्द्रता अशा हवेत घनमीटरला ११ ग्रॅम वाफ असते, बाहेर पावसात २७ च्या आसपास.

---

भिंगवाला

एक दुरुस्ती. एसीच्या खोलीत बंद केल्याचा फायदा थोडे दिवसच, व्हेंटमधून बाहेरची हवा येणारच. काच आणि हाउसिंग भाजण्याचा फायदा खरा.

सिलिका जेलबद्दल राहिलं. ते गार असताना पाणी घेतं आणि तापलं की सोडतं. दिवा लावला की पुडीतली वाफ परत आत. निळे खडे गुलाबी किंवा केशरी खडे हिरवे झाले की ते संपलेत, आणि पावसाळ्यात ते फार लवकर संपतात. खोक्यात भाग गार होत असताना बाजूला ठेवायला ठीक, दिव्यात नको.

---

सातपुडा_वायरमन

आणि बसवल्यावर पहिला महिना प्रेशर वॉशर दिव्याच्या सांध्यावर मारू देऊ नका, पुढेही हातभर लांबूनच. दिवे लावून आलेली गाडी थेट धुवायला घ्यायची नाही, गरम दिव्यावर गार पाणी पडलं की आतली हवा एकदम आखडते आणि कडेचं पाणी ओढते. २० मिनिटं थांबायला सांगा. सर्व्हिसिंगला देताना जॉब कार्डवर तसं लिहूनच घ्या, तोंडी सांगितलेलं वॉशिंगच्या पोरापर्यंत पोचत नाही.

---

रात्रपाळी_पुणे

ठीक. डावा या शनिवारी उघडतो. दोरी, पीजी-७ आणि एम-१२ प्लग मागवलेत, डीआरएलची केबल बुधवार पेठेतून आणतो. उजवा तूर्त तसाच ठेवावा ना?

---

भिंगवाला

तसाच. पण कापलेलं बूट बदला आणि डीआरएलच्या वायरीचं टोक बंद करा. सांध्याला साबण लावून बघा. बुडबुडा नाही आला तर दिवाळीपर्यंत हात लावू नका, कोरड्या हवेत उघडलेलं काम पावसातल्यापेक्षा निम्म्या त्रासाचं असतं.